अंगदुखी आणि थंडीत उललेली त्वचा : जुने घरगुती उपाय करायला घेताय तर हे आधी वाचा

हात उलले, चुरचुरायला लागले की बहुतेक जण पहिलं काय करतात तर कडकडीत गरम पाण्याखाली हात धरतात कारण त्या क्षणाला फार बरं वाटतं, मग टॉवेलने खसाखसा पुसतात आणि त्या कोरड्याठाक हातावर तेल चोळतात. दोन तासांनी हात परत पांढरे, परत खरखरीत. मग म्हणतात घरगुती उपायांनी काही होत नाही. अहो उपाय बरोबरच असतो, क्रम उलटा झालेला असतो. मी बरीच वर्षं आधी स्वतःवर आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय-पाठी सांभाळताना हे सगळं करत आलेय आणि माझा अनुभव असा की जुन्या उपायांत कामाची गोष्ट फार थोडी असते. त्वचेसाठी आधी पाणी आणि मग त्यावर झाकण, दुखण्यासाठी योग्य वेळी शेक आणि थोडी हालचाल. बाकी सगळं सजावट. पण ही थोडी गोष्ट नीट केली तर खरंच आराम पडतो.

सामान

पेट्रोलियम जेलीची एक डबी, ग्लिसरीनची छोटी बाटली, बिनवासाचं एखादं साधं तेल, मधमाशांचं मेण थोडंसं, गरम पाण्याची रबरी पिशवी, जुने सुती मोजे दोन-तीन जोड, एक मऊ टॉवेल. बस. यादी वाढवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, दहा गोष्टी एकदम लावल्या की कशाने बरं वाटलं आणि कशाने पुरळ उठलं हेच कळत नाही. कुठलीही नवीन गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा, लाल झालं किंवा खाजलं तर ती वस्तू आपली नाही.

आधी त्वचा

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे सपाट मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामधे भरलेली चरबी. या थरात थोडं पाणी असतं म्हणून तो लवतो, ते साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर कडक होतो आणि जिथे जिथे वाकतो तिथे तडकतो, म्हणजे बोटांच्या पेरांवर, ओठांच्या कडांना, टाचांना. थंड हवेत मुळात बाष्प कमी असतं, त्यात हीच हवा खोलीत हीटरने तापवली की ती आणखी कोरडी होते आणि मग त्वचेतलं पाणी ओढून घेते. त्यात आपण गरम पाणी आणि साबण वापरून मधली चरबी पण धुवून टाकतो. साध्या वडीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ९-१० च्या आसपास असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे फरक केवढा बघा.

तर क्रम असा.

पहिली पायरी आंघोळ. पाणी कोमट, वेळ ५ ते १० मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा, पाय अशा गरजेच्या ठिकाणी. हातापायांवर, पोटऱ्यांवर रोज साबण लावायची काही गरज नसते, माती-घाम लागलाय तर गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी पुसणं. घासायचं नाही, टॉवेल दाबून टिपून घ्यायचं, आणि त्वचा अर्धवट ओलीच ठेवायची.

तिसरी पायरी म्हणजे झाकण, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. अंग पुसल्यावर कपडे, केस, फोन हे सगळं करून मग क्रीम लावायचं नाही, बाथरूममधेच, दोन-तीन मिनिटांच्या आत, ओलसर अंगावर तेल किंवा जेली लावायची. तेल किंवा जेली स्वतः पाणी देत नाही, ती आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. आत पाणीच नसेल तर झाकण ठेवून करायचं काय? कोरड्या हातावर लावायची वेळ आलीच तर आधी हात ओले करून घ्या, एवढ्यानेच फरक दिसेल.

झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ती कशी सापडली तेही वाचण्यासारखं आहे. १८५९ मधे रॉबर्ट चेसब्रो नावाचा केमिस्ट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला तर त्याला दिसलं की पंपाच्या दांड्यांवर जमणारं काळं मेणासारखं किटण तिथले कामगार खरवडून काढतात आणि कापलेल्या-भाजलेल्या जागी लावतात. त्याने ते साफ करत करत पांढरी जेली बनवली आणि १८७२ मधे व्हॅसलिन नावाने पेटंट घेतलं. म्हणजे हा कामगारांचाच देशी उपाय, नंतर डबीत भरलेला. फार थोडी लागते, मुगाएवढी जेली दोन तळहातांवर चोळून गरम करून घेतली की हाताच्या पाठीला पुरते. चिकट वाटते ती बहुतेक जास्त घेतल्यामुळे.

ग्लिसरीनचं काम वेगळं. ते पाणी ओढून धरतं, झाकण नाही घालत. म्हणून नुसतं घट्ट ग्लिसरीन लावायचं नाही कारण हवा कोरडी असली तर ते खालच्या थरातलंच पाणी वर ओढतं आणि आग आग होते. एक भाग ग्लिसरीन दोन भाग पाणी असं तळहातावरच मिसळा, लावा, आणि ते ओलं असतानाच वरून जेलीचा हात फिरवा. बाटलीत एकदम मिसळून महिनाभर ठेवू नका, पाणी पडलेली घरगुती वस्तू खराब होतेच.

तेलांबद्दल एक सांगायलाच हवं कारण यात भावना फार असतात. सगळी तेलं त्वचेला सारखी नाहीत. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर असतं आणि ते वरच्या थरातली चरबीची रचना सैल करतं, म्हणून आधीच कोरडी किंवा एक्झिमाची (लाल, खाजरी होणाऱ्या आजाराची) त्वचा असेल तर ते नको. मोहरीचं तेल पण झोंबरं, तान्ह्या बाळांना तर दोन्ही नकोच. सूर्यफुलाचं किंवा खोबरेल ही त्यामानाने सौम्य. ज्यांना वर्षानुवर्षं एखादं तेल मानवलंय त्यांनी बदलायची गरज नाही, पण त्वचा लाल आणि खाजरी होत असेल तर संशय आधी तेलावरच घ्या.

रात्रीचा हातापायांचा उपाय

हात: झोपायच्या आधी कोमट पाण्यात ५ मिनिटं बुडवा, टिपून घ्या, जेली लावा, जुने सुती मोजे हातमोजे म्हणून घाला, झोपा. तीन रात्री सलग केलंत तर चौथ्या दिवशी भांडी घासताना चुरचुर कमी झालेली असते. आणि भांडी घासायचीच असतील तर रबरी हातमोजे घाला, त्याशिवाय रात्रीची मेहनत सकाळी वाहून जाते.

टाचा: १० ते १५ मिनिटं कोमट पाणी, मग वजरी. वजरी हलक्या हाताने, एकाच दिशेने, आणि एका दिवसात सगळं कातडं काढायचा हट्ट नको, गुलाबी दिसेपर्यंत घासलं की टाच आणखी जाड होऊन येते. आठवड्यातून दोनदा बास. ब्लेडने तर कधीच नाही. मग जेली आणि मोजे. भेग खोल असेल, रक्त येत असेल तर वजरी बंद, फक्त धुणं, जेली आणि वर स्वच्छ कापड. चार-सहा आठवड्यांत भरलीच नाही, किंवा बोटांच्या मधे पण खाज आणि सालं निघतायत तर ते फंगस असू शकतं, त्याला औषधच लागतं.

ओठ: जीभ फिरवणं बंद. लाळ सुकताना ओठातलं पाणीही घेऊन जाते आणि लाळेतले पाचक रस तिथे चुरचुर वाढवतात, म्हणून जितकं चाटाल तितकं उलेल. सालं ओढायची नाहीत, जेली लावून ठेवा, आपोआप सुटतात. पेपरमिंट किंवा दालचिनीच्या चवीचे लिपबाम उललेल्या ओठांवर झोंबतात आणि झोंबणं म्हणजे काम करतंय असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नसतं. ओठांच्या कोपऱ्यातच चिरा पडून भरत नसतील तर तो नुसता कोरडेपणा नसतो, दाखवून घ्या.

लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही उललेल्या त्वचेवर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात जे महिनोन् महिने जात नाहीत.

खाज फार असेल तर ओट्स. मिक्सरमधे पिठासारखे बारीक करा, चमचाभर ग्लासभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधासारखं झालं तर बारीक झाले, तळाशी बसले तर अजून फिरवा. कपभर पीठ बादलीभर कोमट पाण्यात कालवून ते अंगावर घ्या, दहा मिनिटं थांबा, साध्या पाण्याने हलकं धुवा, आणि परत तेच, ओल्यावर झाकण. बाथरूमची फरशी घसरडी होते त्याने, म्हाताऱ्या माणसांना स्टुलावर बसवूनच करा.

घरचं मलम

मेण, तेल आणि गुलाबपाणी यांचं मलम गेलन नावाच्या वैद्याच्या नावावर सांगतात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, आजचं कोल्ड क्रीम त्याच वंशातलं. नवख्यांनी मात्र पाणी न घालता बनवा, कारण पाणी नसलं की बुरशी धरत नाही आणि मलम कित्येक महिने टिकतं.

वजनाने एक भाग मेण, चार भाग तेल. म्हणजे १० ग्रॅम मेणाला ४० ग्रॅम तेल. एका पातेल्यात पाणी तापवा, त्यात काचेची वाटी किंवा छोटं भांडं ठेवून मेण आणि तेल त्यात घाला. थेट गॅसवर ठेवायचं नाही, तेल-मेण पेट घेतं. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं त्यामुळे पाणी खळखळायचीही गरज नाही. वितळलं की एक थेंब थंड बशीवर टाका, मिनिटभराने बोटाने दाबा, फार कडक वाटलं तर तेल घाला, फार सैल असलं तर मेण. ओठांसाठी हवं तर एक भाग मेणाला तीन भाग तेल. हे बशीवर बघणं चुकवू नका कारण एकदा डबीत घट्ट झालं की सगळं परत वितळवावं लागतं. डबी आतून एकदम कोरडी हवी, झाकण गार झाल्यावरच लावा, आणि वास बदलला की टाकून द्या. सुगंधी तेलं घालायचा मोह होतो, पण उललेल्या त्वचेला वास नको असतो.

आता दुखणं

शेक घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, दुखणं नवीन आहे की जुनं? पाय आत्ताच मुरगळलाय, सुजलाय, गरम लागतोय, तर पहिले दोन दिवस गरम शेक नाही, चोळणं तर अजिबात नाही. तिथे बर्फ, तोही कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फाबद्दल पूर्वी फार ठाम सांगायचे. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय वर ही चौकडी १९७८ मधे गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केली आणि पुढे स्वतःच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्ही भरून यायला उशीर लावू शकतात. तेव्हा बर्फ फक्त ठणका कमी करायला, तासन् तास नाही, आणि सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करायची.

मान अवघडली, कंबर धरली, पाठीत उसण भरली, थंडीने गुडघे धरले, अंग आंबलं, ही शेकाची दुखणी. गरमीने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो.

पिशवी भरायची पद्धत: उकळतं पाणी ओतायचं नाही, उकळल्यावर काही मिनिटं थांबा. दोन तृतीयांश भरा, आडवी दाबून हवा काढा, बूच घट्ट, उलटी धरून गळती बघा, टॉवेलमधे गुंडाळा. १५-२० मिनिटं. रबराला भेगा दिसल्या की पिशवी बदला, कडांना घडीत बघा, तिथेच आधी चिरते. आणि पिशवी घेऊन झोपायचं नाही. मी एका थंडीत कंबरेला रोज रात्री पिशवी लावून झोपत होते आणि दोन-अडीच महिन्यांनी पाठीवर जाळीसारखे तांबूस तपकिरी डाग उठले, भाजल्याचं एकदाही जाणवलं नव्हतं. सतत मंद गरमी लागली की असं होतं, आणि ते डाग जायला खूप महिने गेले. तेव्हापासून मी गजर लावते.

पिशवी नसेल तर पुरचुंडी. जाडं मीठ कोरड्या तव्यावर गरम करा, दुहेरी सुती कापडात बांधा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, मग दुखऱ्या जागी. मायक्रोवेव्ह असेल तर शंभर टक्के सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरून गाठ मारा, शेजारी कपभर पाणी ठेवून ३० सेकंदांच्या टप्प्यांनी तापवा. नायलॉन मिसळलेला मोजा वितळतो, तेल लागलेला पेटू शकतो, तेव्हा रात्री जेलीसाठी वापरलेले मोजे इथे चालणार नाहीत.

एप्सम मिठाचं नाव सगळीकडे ऐकाल. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एप्सम गावी कडू पाण्याचा झरा होता, सतराव्या शतकात लोक लांबून तिथे यायचे, त्या पाण्यातलं मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पायाच्या टबात अर्धा कप घालून १५ मिनिटं बसा, छान वाटतं. पण त्वचेतून मॅग्नेशियम आत जाऊन दुखणं बरं करतं याला पक्का आधार नाही, आराम मुख्यतः गरम पाण्याचा. तेव्हा एप्सम मीठ मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. आणि मिठाच्या पाण्यातून पाय काढल्यावर साध्या पाण्याने धुवून लगेच झाकण घाला, नाहीतर दुखणं थांबतं आणि टाचा उलतात.

पोटरीत रात्री गोळा आला तर चोळत बसण्याआधी पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा, अर्ध्या मिनिटात सुटतो. उसण भरल्यावर दोन-तीन दिवस गादीवर पडून राहू नये, शेक घेऊन खोलीतल्या खोलीत चालावं, पडून राहिल्याने पाठ आणखी आखडते.

झोंबणारी मलमं

पुदिन्यातलं मेन्थॉल लावलं की गार वाटतं, मिरचीच्या कॅप्सायसिनने गरम, पण त्वचेचं तापमान तेवढं बदललेलं नसतं. थंड-गरम ओळखणारे जे स्पर्शग्राहक मज्जातंतूंवर असतात त्यांनाच हे पदार्थ चाळवतात आणि मेंदूचं लक्ष दुखण्यावरून तिकडे वळतं. मिरचीने चाळवणारा ग्राहक (रिसेप्टर) अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मधे शोधला, २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर. म्हणजे हा आराम खोटा नाही, पण त्याने आतलं कारण बरं होत नाही.

नियम कडक आहेत. उललेल्या, चिरलेल्या त्वचेवर नाही. वरून गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नाही, भाजतं. लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांपासून लांब. अशा मलमांत असणारा कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही आणि दोन वर्षांखालच्या बाळाला कापराचं काही लावायचं नाही. विंटरग्रीनचं तेल (दुखण्याच्या मलमांत घालतात ते एका वनस्पतीचं तेल) तर त्याहून जपून. त्याच्या एका छोट्या चमच्यात (५ मिली) सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य, असतं, म्हणजे वीसहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतकं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर असली मलमं डॉक्टरांना विचारूनच.

मोहरीच्या पिठाचं पोटीस जुन्या लोकांचं आवडतं, पण नवख्यांनी त्यात पडू नये असं मला वाटतं. मोहरी कोमट पाण्यात भिजली की तिखट तेल तयार होतं आणि १५ मिनिटांच्या पुढे राहिलं तर फोड येतात, मी ते बघितलंय. जे काम शेक करतो त्यासाठी फोडांचा धोका घ्यायचा कशाला.

घरात थांबायचं नाही अशी दुखणी

छातीत दुखून हात, जबडा किंवा पाठीत कळ जातेय. एकच पोटरी सुजली, लाल, गरम झालीय, तिथे रक्ताची गाठ असू शकते, चोळायचं तर मुळीच नाही. कंबरदुखीबरोबर पाय बधिर, मांड्यांच्या आत मुंग्या, लघवी-संडासवरचा ताबा जातोय. सांधा सुजून ताप आलाय. पडल्यावर पायावर भार टाकताच येत नाही. यातलं काहीही असलं तर पिशवी बाजूला ठेवा आणि लगेच दवाखान्यात जा.

मधुमेह असलेल्या माणसांच्या पायात बऱ्याचदा जाणीव कमी झालेली असते, पिशवी चटका देतेय हे त्यांना कळतच नाही, त्यामुळे त्यांच्या पायाला शेक नको, गरम पाण्यात बुडवणं नको, वजरीही नको. पाणी कोमट आहे का ते आपण आपल्या कोपराने बघायचं, पाय धुऊन टिपायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची, तिथे जेली लावायची नाही, टाचांना लावायची, आणि रोज रात्री दिव्याखाली तळवा स्वतः बघायचा. त्यांना वाकून बघता येत नाही आणि दुखत नसलं की ते सांगतही नाहीत.